‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दर आवृत्तीत का मोडते?

वडोदऱ्यातील एका मराठी संस्थेच्या वाचनालयासाठी आम्ही सभासद-नोंदणीचे सॉफ्टवेअर चालवतो. त्याचे पडदे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत आहेत आणि यात हौसेचा भाग काहीच नाही. दांडिया बाजारातला सभासद घरी मराठी बोलतो, बाजारात गुजराती बोलतो, ओळखपत्र त्याला दोन्ही लिपींत हवे असते आणि त्याची पुण्याला शिकणारी मुलगी मोबाइलवर इंग्रजी पडदा उघडून वडिलांच्या पुस्तकाची मुदत वाढवते. एकच नोंद चार वाटांनी फिरते आणि प्रत्येक वाटेवर तिला वेगळी ठेच लागते.

तक्रार ठरलेल्या शब्दांत येते. काउंटरवरच्या काकू फोन करतात, “अहो, कऱ्हाडकरांचं नाव परत बिघडलंय. मागच्या महिन्यात तुम्हीच नीट केलं होतंत ना?” केले होते, हे खरे. त्या खेपेला मराठी ओळखपत्रावर नाव बरोबर होते, गुजराती ओळखपत्रावर नावाच्या मधोमध रिकामी चौकट होती, एसएमएसमध्ये ‘कर्हाडकर’ असे छापले गेले होते आणि शोधाच्या रकान्यात ‘कऱ्हाडकर’ असे लिहिल्यावर एकही सभासद सापडत नव्हता. तिन्ही ठिकाणी आम्ही वेगवेगळी डागडुजी केली आणि पुढच्या आवृत्तीत त्यांपैकी दोन दोष परत आले. दोष जिथे दिसला तिथेच आम्ही तो बुजवत होतो, तो जिथे तयार झाला तिथे पोहोचतच नव्हतो.

आधी आकडे पाहावेत, मग अक्षरे

बहुभाषिक मजकुराच्या कोणत्याही तक्रारीत पहिला प्रश्न एकच असावा: साठवणीत मजकूर शाबूत आहे का? पडद्यावर पाहून याचे उत्तर मिळत नाही, कारण पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांची आतली घडण निराळी असू शकते. म्हणून डेटाबेसमधून तो शब्द बाहेर काढून त्यातील प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापावा (युनिकोड म्हणजे लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारे मानक). त्यासाठी चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो आणि तो कायम हाताशी ठेवावा. ‘कऱ्हाडकर’ नीट साठवलेला असेल तर दशमान पद्धतीत हे आकडे येतात: २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७, २३२५, २३५२. म्हणजे क, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडण्याची खूण), ह, काना, ड, क, र.

आमच्या डेटाबेसमध्ये याच आडनावाची तीन रूपे निघाली. पहिले वरचे. दुसऱ्यात २३५३ च्या जागी साधा र म्हणजे २३५२ होता, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे चिन्ह होते. हे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह, प्रोग्रॅमर मंडळी ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात ते. ही दोन्ही रूपे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. तिसऱ्या रूपात ते ८२०५ गळून गेले होते. ते गळाले की र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि ‘कऱ्हाडकर’चे ‘कर्हाडकर’ होते. आडनावात हा केवळ कुरूपपणा वाटेल, पण इतरत्र अर्थच बदलतो: ‘दऱ्या’ या डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मराठीखेरीज फार थोड्या भाषांना या आडव्या अर्ध्या र ची गरज पडते, त्यामुळे हिंदी किंवा इंग्रजी समोर ठेवून लिहिलेल्या कोडमध्ये त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

रूपे दोन का होतात, याचे कारण कळफलकात आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की थेट ऱ उमटतो, तर काही ध्वन्यानुसारी कळफलक तेच अक्षर र, हलन्त आणि ८२०५ अशा त्रिकुटाने घडवतात. दोन्ही पद्धती वैध आहेत. त्यामुळे काउंटरवर भरलेले नाव एका रूपात येते आणि सभासदाने घरून भरलेले दुसऱ्या रूपात.

आणि ८२०५ गळते कुठे? आमच्या बाबतीत उत्तर लाजिरवाणे होते, कारण तो कोड माझाच होता. ईमेलमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत नाना प्रकारची अदृश्य चिन्हे येतात आणि त्यांच्यामुळे पासवर्ड व ईमेल पत्ते जुळत नाहीत, म्हणून मी ‘अदृश्य ते सारे काढून टाका’ अशी साफसफाईची पायरी लिहिली होती. ईमेल पत्त्यासाठी ती योग्यच होती. नावांच्या रकान्याला ती लावणे ही चूक होती. शिवाय ती पायरी फॉर्ममध्ये, एक्सेलमधून नोंदी आयात करताना आणि मोबाइल ॲपच्या मार्गावर अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेली होती. एका ठिकाणी दुरुस्त केली की उरलेल्या दोन वाटांनी मोडकी नावे येतच राहत. दोष ‘परत’ येत होता तो असा.

उपाय असा की मजकूर आत येण्याचे दार एकच ठेवावे आणि त्या दारावर क्रम पाळावा. प्रथम र, हलन्त, ८२०५ हे त्रिकूट दिसले की त्याचे ऱ आणि हलन्त असे रूपांतर करावे. मग युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (सुटी चिन्हे एकत्र करून एकच रूप देणारी पायरी) करावे, म्हणजे र आणि सुटा नुक्ता असे लिहिलेले असेल तर तेही २३५३ मध्ये एकवटेल. त्यानंतरच अदृश्य चिन्हे काढावीत, आणि तीही देवनागरी वा गुजराती अक्षरांच्या मध्ये नसलेलीच. एनएफसी पहिल्या रूपांतराचे काम करत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण युनिकोडच्या लेखी ते त्रिकूट आणि ऱ हे एकमेकांचे पर्याय नाहीत.

ॲ या अक्षराचा घोळही याच जातीचा आहे. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही कित्येक कळफलकांवर तसेच होते. दोन्ही दिसायला एक, आकडे वेगळे, आणि एनएफसी त्यांनाही एक मानत नाही. ‘ॲड.’ ही वकिलांची उपाधी शोधली की आमच्याकडे सभासदांतील निम्मेच वकील सापडत. शोधासाठी नावाची एक वेगळी, प्रमाणित केलेली प्रत साठवावी, शोधणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच चाळणीतून न्यावा आणि मग जुळवणी करावी. मूळ नावाला मात्र हात लावू नये.

गुजराती ओळखपत्रावरची चौकट

रिकामी चौकट दिसली की फाँट नाही असे समजून फाँट बदलायला धावणे ही सर्वसाधारण सवय आहे आणि दहापैकी आठ वेळा ती बरोबरही ठरते. येथे ठरली नाही. दोन फाँट बदलूनही चौकट जागची हलली नाही.

युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, त्यामुळे प्रत्येक लिपीला १२८ घरांचा एक खण मिळाला आणि समान उच्चाराची अक्षरे प्रत्येक खणात त्याच क्रमांकाच्या घरात बसली. देवनागरीचा खण २३०४ पासून आहे आणि गुजरातीचा २६८८ पासून. फरक ३८४. तेव्हा देवनागरी क च्या क्रमांकात ३८४ मिळवले की गुजराती क मिळतो. ही युक्ती इतकी मोहक आहे की लिप्यंतराचा कोड लिहिणारा प्रत्येकजण ती एकदा तरी वापरतोच, आणि आम्हीही वापरली होती. पण खणातली सर्व घरे भरलेली नाहीत. ऱ च्या २३५३ मध्ये ३८४ मिळवले की २७३७ येतात आणि गुजराती खणातले ते घर रिकामे आहे, कारण गुजरातीला या अक्षराची गरजच नाही. रिकाम्या घराला कोणताही फाँट आकार देणार नाही, चौकटच दाखवील. ॲ चेही तसेच: २४१८ अधिक ३८४ म्हणजे २८०२, तेही रिकामे. गुजरातीत त्या उच्चाराचा स्वर २७०१ वर आहे, म्हणजे देवनागरीतल्या ऍ च्या समोर.

तांत्रिक दुरुस्ती सोपी आहे. बेरजेआधी अपवादांचा लहान तक्ता ठेवावा, ऱ च्या जागी साधा र घ्यावा, ॲ साठी २७०१ घ्यावा आणि बेरजेनंतर आलेला प्रत्येक क्रमांक भरलेल्या घराचा आहे की नाही हे तपासावे. तरीही मला येथे यंत्रावर सारे सोडणे मान्य नाही. या शहरातील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत आहेत आणि आपले आडनाव गुजरातीत कसे लिहायचे हे त्यांनी शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर केव्हाच ठरवून टाकले आहे. ते लिप्यंतराच्या नियमात बसेलच असे नाही. म्हणून आता गुजराती नावाचा रकाना स्वतंत्र आहे, लिप्यंतर त्यात फक्त सूचना म्हणून उमटते आणि सभासदाने एकदा दुरुस्त केले की प्रोग्रॅम ते पुन्हा बदलत नाही. ही शेवटची अट लिहायला आम्ही आरंभी विसरलो होतो, आणि दर आवृत्तीनंतर लोकांच्या दुरुस्त्या पुसल्या जाण्याचे ते दुसरे कारण होते.

अक्षरे किती, हे कोण मोजते

‘लक्ष्मीनारायण’ हे नाव वाचणाऱ्याच्या दृष्टीने सहा अक्षरांचे आहे: ल, क्ष्मी, ना, रा, य, ण. युनिकोडच्या मोजणीत ती तेरा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्यांना ३९ बाइट लागतात. सहा, तेरा आणि एकोणचाळीस या तीन आकड्यांपैकी कोणता आकडा कुठे लागू आहे हे ठरवून न लिहिल्यामुळे एक वेगळीच तक्रार येत होती: ‘नाव अर्धेच राहते’.

एसएमएसमध्ये तेरा धरावेत. इंग्रजी संदेशात १६० चिन्हे मावतात, पण देवनागरीचे एक अक्षर जरी आले तरी मर्यादा ७० वर येते आणि लांब संदेशाचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात. ‘लक्ष्मीनारायण कऱ्हाडकर’ एवढ्यानेच त्यातील २२ खर्ची पडतात. इंग्रजी संदेशाचा शब्दशः अनुवाद येथे परवडत नाही, मराठी संदेश मुळापासून आखूडच लिहावा लागतो.

पडद्यावर मात्र चिन्हे मोजून कापणे सर्वथा टाळावे. आमच्या मोबाइल यादीत सभासदाचा प्रकार आठ चिन्हांवर कापून पुढे तीन टिंबे देण्याचा नियम होता. ‘विद्यार्थी वाचक’ यातील आठवे चिन्ह र नंतरचा हलन्त आहे, त्यामुळे यादीभर ‘विद्यार्…’ असा पाय मोडलेला र लटकत होता. युनिकोडच्या १५.१ या २०२३ च्या आवृत्तीपासून देवनागरी व गुजरातीसह काही लिप्यांतील जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम अक्षर-विभागणीत आला आहे, परंतु सभासदांच्या जुन्या फोनवर जुनेच नियम चालतात. सबब कापण्याचे काम कोडकडून काढून पडद्याच्या मांडणीकडे द्यावे, आणि जागा असेल तर न कापता मजकूर दुसऱ्या ओळीत जाऊ द्यावा. नाव दोन ओळींत गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

चौकटीत न मावणारा मजकूर

इंग्रजी पडदा आधी आखून मग त्यात इतर भाषा ओतल्या की बटणे फुटतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दहा अक्षरांच्या आतले इंग्रजी शब्द अनुवादात दुप्पट-तिप्पट जागा घेऊ शकतात, हा जुना ठोकताळा मराठीलाही लागू पडतो: ‘रिन्यू’ या पाच रोमन अक्षरांच्या बटणावर ‘मुदत वाढवा’ बसवायचे असते. बटणाची रुंदी ठरावीक न ठेवता मजकुरानुसार वाढू द्यावी, यापलीकडे त्यात विशेष काही नाही.

उंचीचा दोष अधिक फसवा आहे, कारण तो गुजराती पडद्यावर सहसा दिसत नाही. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार चढतात आणि खाली उकार, ऋकार व जोडाक्षराचा दुसरा मजला उतरतो. आमच्या शीर्षकाची ओळ-उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट होती आणि बाहेर जाणारा भाग झाकण्याचा आदेश त्याच चौकटीला दिलेला होता, त्यामुळे ‘उद्धृत’ मधला ऋकार आणि ‘वर्गणी’वरचा रफार कापला जाई, आणि रफाराविना ‘वर्गणी’ची ‘वगणी’ होई. ओळ-उंची १.६ च्या आसपास न्यावी, ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्यावी आणि चाचणीसाठी ‘राष्ट्रीयीकृत’ किंवा ‘उत्कृष्ट वर्गणीदार’ असे वर-खाली दोन्हीकडे पसरणारे शब्द वापरावेत. ‘नमस्कार’ लिहून घेतलेली चाचणी फुकट जाते. इंग्रजी शीर्षकांना ऐटीसाठी दिलेले अक्षरांमधील जादा अंतर देवनागरीत शून्य करावे, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द सुटलेल्या माळेसारखा दिसतो.

फाँटच्या बाबतीत जुन्या विंडोजवर देवनागरीसाठी मंगल आणि गुजरातीसाठी श्रुती असे, दोन्ही निराळ्या अंगलटीचे. त्यामुळे एकाच ओळखपत्रावरील दोन ओळी मोठ्या-लहान दिसत. एकाच घराण्याचे फाँट घ्यावेत. मुक्त आणि त्याचे गुजराती भावंड मुक्त वाणी ही ‘एक टाइप’ या फाँटकारांच्या गटाची जोडी आम्ही वापरतो, गूगलच्या नोटो फाँटची जोडीही चालते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या मराठी पानांवर भाषेची खूण (पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणारी) हिंदीची होती. कोणीतरी केव्हातरी देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून एकच साचा दोन्हीकडे लावला होता. मजकूर दिसत होता, म्हणून कोणी तपासले नाही. परिणाम असा की ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्रपणे दिलेले असतात, त्यातही हिंदी वळणाचेच येत आणि ज्येष्ठ सभासद ‘हा आपला ल नव्हे’ असे म्हणत. आम्ही ती नुसती कुरकुर समजत होतो. ते बरोबर होते. दृष्टिहीन सभासदासाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही त्याच खुणेवर चालतो, तेव्हा ‘चमचा’ हिंदीच्या आवाजात वाचला जाणे हाही त्याच चुकीचा भाग होता. खूण बदलायला एक मिनिट लागले.

तुकडे जोडून वाक्य होत नाही

वाचनालयाच्या पडद्यावर परतीनंतर संदेश येई: वस्तूचे नाव, आणि पुढे ‘परत मिळाले’. पुस्तक परत मिळाले, मासिक परत मिळाले, इथवर ठीक. मग ‘कादंबरी परत मिळाले’ आणि ‘दिवाळी अंक परत मिळाले’ असे येऊ लागले. मराठीत तीन लिंगे, गुजरातीतही तीन (पुस्तक मळ्युं, चोपडी मळी, अंक मळ्यो), हिंदीत दोन आणि इंग्रजी क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. तुकडे जोडण्याची कल्पना इंग्रजी पडद्यावर निर्दोष दिसते, म्हणूनच ती टिकून राहते. प्रत्येक वस्तुप्रकारासाठी अनुवादकाला पूर्ण वाक्य लिहू द्यावे. प्रकार फार असतील तर वाक्याचीच ठेवण बदलावी: ‘परतीची नोंद झाली: कादंबरी’. यात क्रियापद ‘नोंद’शी बांधलेले राहते आणि पुढे काहीही आले तरी चालते. मला ही दुसरी वाट अधिक पसंत आहे. ती थोडी कोरडी आहे, पण चुकत नाही.

विभक्तीचा प्रश्न केवळ मराठी पडद्यावर येतो, म्हणून त्याची तक्रार करणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे. सभासद कोणत्या शहरातून आला हे दाखवणारा साचा हिंदीत ‘पुणे से’, गुजरातीत ‘पुणेथी’ असा बिनचूक चालतो. मराठीत नावाला ‘हून’ चिकटवले की ‘पुणेहून’ होते, आणि ‘वडोदराहून’ तर कानाला खुपते. सामान्यरूप ‘पुण्याहून’, ‘वडोदऱ्याहून’. यातील दुसऱ्यात पुन्हा तोच ऱ आला, हे लक्षात यावे. शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा झाले असले तरी बोलताना आम्ही ‘बडोद्याहून’च म्हणतो, पण तो वाद अनुवादकांच्या बैठकीत दीड तास चालला आणि मी तो येथे पुन्हा उकरत नाही. यंत्राकडून सामान्यरूप घडवून घेण्याचा नाद सोडावा आणि ‘शहर: पुणे’ असे लिहावे.

या भागातील सर्वांत चमत्कारिक दोष हिंदीत निघाला. ज्याच्याकडे एकही पुस्तक नाही अशा सभासदाला हिंदी पडदा सांगे, ‘एक पुस्तक बाकी है’. मराठीत तोच संदेश बरोबर. दोन दिवस आम्ही हिशेबाचा कोड तपासला, चूक तिथे नव्हतीच. भाषांच्या नियमांचा जो सामायिक संग्रह बहुतेक सॉफ्टवेअर वापरते, त्या सीएलडीआरमध्ये मराठीचे एकवचन केवळ १ साठी आहे, पण हिंदी आणि गुजरातीच्या एकवचनी गटात ० सुद्धा मोडतो. अनुवादकाने एकवचनाच्या रकान्यात संख्येची जागा न ठेवता ‘एक’ असा शब्दच लिहिला होता. शून्य त्या गटात गेला आणि एक झाला. गुजरातीत अनुवादकाने अंक ठेवला होता म्हणून ती भाषा वाचली. निवारण असे: ‘शून्य असल्यास’ हे वाक्य नेहमी वेगळे लिहून घ्यावे, आणि वचनाच्या कोणत्याही रकान्यात संख्या अक्षरी लिहू नये.

आकड्यांचेही याच संग्रहाशी नाते आहे. मराठीसाठी त्यात देवनागरी अंक मूळ धरलेले आहेत, हिंदी व गुजरातीसाठी मात्र इंग्रजी वळणाचे. त्यामुळे काही न सांगता केवळ मराठी पडद्यावर दंडाची रक्कम ‘५०’ अशी येते. ती सुंदर दिसते, पण कोडने तीच रक्कम पडद्यावरून परत वाचली की त्याला ती संख्या वाटत नाही आणि पावतीवर रक्कम कोरी राहते. पडद्यावरचे रूप हे दाखवण्यापुरतेच असते, हिशेबाची संख्या वेगळी जपावी. माणसाने टंकलेल्या रकमेत देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी असे तिन्ही अंक स्वीकारावेत. अंक कोणते दिसावेत हे सभासदाला निवडू द्यावे, कारण मराठी पडदा हवा पण अंक इंग्रजी हवेत असे म्हणणारे आमच्याकडे बरेच निघाले.

छपाईबद्दल थोडक्यात: पीडीएफमध्ये ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसली, तर मजकूर शाबूत आहे, पीडीएफ बनवणाऱ्या घटकाला जोडणीचे नियम येत नाहीत एवढेच समजावे आणि हार्फबझसारखा आकारक (अक्षरे जोडून योग्य जागी मांडणारा प्रोग्रॅम) वापरणारा घटक घ्यावा. एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उघडल्यावर चित्रविचित्र रोमन अक्षरे दिसली तर फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ची खूण घातलेली नाही. यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी आले, तर क्रमवारी युनिकोडच्या क्रमांकांवर चालली आहे. तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे असतो, मराठीत तो ह च्या नंतर येतो. मराठीची क्रमवारी वेगळी सांगावी लागते.

जुन्या नोंदींचे काय

दार एक केले, तक्ता बसवला, चाचणीसाठी लक्ष्मीनारायण कऱ्हाडकर नावाचा एक कायमचा नमुना-सभासद केला. हाती एक दिवाळी अंक, राहणार पुणे, शून्य पुस्तके बाकी, उपाधी ॲड. दर आवृत्तीपूर्वी त्याचे ओळखपत्र चारही भाषांत छापले जाते. नव्या नोंदी तेव्हापासून मोडलेल्या नाहीत.

जुन्या नोंदींमध्ये ८२०५ आधीच गळून गेले होते आणि ते परत आणण्याचा विश्वासार्ह नियम नाही. ‘र्ह’ दिसले की ‘ऱ्ह’ करावे असे वाटते, पण ‘अर्हता’ तसेच राहायला हवे. ‘र्य’ तर अधिकच अवघड, कारण ‘आचार्य’ आणि ‘सूर्यवंशी’ यांना हात लावला तर नवा घोटाळा होतो. म्हणून आपोआप बदल करण्याचा मोह आवरून, आधी बॅकअप घेऊन, या दोन जोड्या असलेल्या सर्व नावांची यादी छापली आणि काकूंच्या हाती दिली. त्यांनी कपाटातून सभासदांची हस्तलिखित नोंदवही काढली, चष्मा पुसला आणि शाईने लिहिलेल्या नावांशी एकेक नाव ताडून पाहिले. दोन संध्याकाळी लागल्या. नोंदवहीवर पाणी सांडून पुसट झालेली चार नावे उरली, त्या चौघांना त्यांनी फोन लावला आणि विचारले, “तुमच्या आडनावातला र कसा लिहू हो?”